एका इंजिनाचा भरवसा

नोकरीच्या निमित्ताने चेन्नईस येऊन राहिलेल्या मराठी माणसाला जॉर्ज टाउनचा परिचय प्रथम होतो तो तेथील गर्दीने. पॅरीज कॉर्नरपासून उत्तरेकडे निघावे, तर एकाला एक लागून असलेल्या पेढ्या, गुदामे, देवळे आणि वकिलांच्या कचेऱ्या यांमधून वाट काढताना आकाशाची जेमतेम एक पट्टी डोक्यावर दिसते. तंबू चेट्टी रस्त्यावरील काळिकांबाळच्या मंदिरात १६७७ मध्ये शिवछत्रपती दर्शनास आले होते, अशी परंपरा तेथे सांगितली जाते; त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची पावले केव्हा ना केव्हा त्या गल्लीकडे वळतातच. पण मंदिरातून बाहेर पडल्यावर मान वर करून पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. या पेठेवरून जाणारे एखादे लहानसे विमान अथवा हेलिकॉप्टर अकस्मात निकामी झाले, तर त्याला उतरण्यास हातभर मोकळी जागा येथे नाही. पूर्वेस बंदर व समुद्र, दक्षिणेस उच्च न्यायालयाचे आवार, आणि उरलेल्या दिशांना माणसेच माणसे.

हा विचार काहींना विक्षिप्त वाटेल. तथापि मनुष्य आकाशात उडू लागल्यापासून जो एक प्रश्न त्याची पाठ सोडीत नाही, तो हाच की, इंजिन बंद पडले तर काय? हौसेखातर स्वतःचे हेलिकॉप्टर बाळगणारे लोक आता पाश्चात्त्य देशांत हजारोंनी आहेत, आणि आपल्याकडेही ती हौस हळूहळू येत आहे. अशा यंत्रात बहुधा एकच इंजिन असते. तेव्हा या एका इंजिनाच्या भरवशाचा इतिहास तपासून पाहणे अप्रस्तुत होणार नाही. विशेषतः त्या इतिहासाचे एक टोक याच मद्रासमध्ये असताना.

ते टोक १९१० सालचे आहे. २५ जुलै १९०९ रोजी ब्लेरियो या फ्रेंच गृहस्थाने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली आणि जगभरच्या हौशी मंडळींच्या अंगात वारे संचारले. मद्रासमध्ये जाकोमो द आंजेलिस नावाचे एक कॉर्सिकन गृहस्थ हॉटेलचा व्यवसाय करीत. त्यांनीही स्वतःच्या आराखड्यानुसार एक विमान करविण्याचे मनावर घेतले. घोडागाड्या व मोटारींचे सांगाडे बांधणाऱ्या सिम्पसन कंपनीच्या कारखान्यात ते तयार झाले. त्याला अल्प अश्वशक्तीचे एक इंजिन बसविण्यात आले, आणि १९१० च्या मार्चमध्ये पल्लावरम येथे त्याची उड्डाणे झाली. हिंदुस्थानच्या भूमीवरील अगदी पहिल्या उड्डाणांत त्याची गणना होते. पुढच्या वर्षी, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, आंरी पेके याने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. त्या घटनेची शतसंवत्सरी आपण साजरी केली. मद्रासच्या या हॉटेलवाल्याचे नाव मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या गृहस्थाने आपला प्रयोग शहरात केला नाही. पल्लावरम त्या काळी शहराबाहेर होते आणि तेथे मोकळे मैदान होते. त्याच्या हाताशी निष्णात कारागिरांचा कारखाना होता, पैसा होता, आणि चुकले तर पडावयास मऊ नसली तरी रिकामी जमीन होती. ज्याला आपण धाडस म्हणतो, त्याच्या पायाशी या तीन गोष्टी निमूटपणे उभ्या होत्या. पुढील साऱ्या इतिहासात या तिन्हींची गाठ वारंवार पडेल.

दुसरा प्रसंग १९३२ चा. त्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानातून उड्डाण केले. वाटेत अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून विमानात भरण्यात आले, आणि दुपारी ते मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाकडे होता. त्यांनी सह्याद्री ओलांडून बेल्लारी गाठली, रात्री तेथे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला टपाल पोचते केले. जॉर्ज टाउनच्या समुद्राकडील अंगाला १८८४ मध्ये पुरी झालेली, चिझम या वास्तुशिल्पज्ञाने उभारलेली मुख्य टपाल कचेरीची तांबूस इमारत आजही उभी आहे. इसवी सन २००० मधील आगीत तिची मोठी हानी झाली, पण ती टिकली. तिच्या पायऱ्यांपाशी उभे राहिले की, कराचीपासून मद्रासपर्यंतचे ते अंतर एका इंजिनाच्या धडधडीवर तोलले गेले होते, ही कल्पना मनाला चटका लावून जाते.

त्या वैमानिकांजवळ बिनतारी यंत्र नव्हते; वाट दाखविणारी कोणतीही साधने नव्हती. नदी, आगगाडीचे रूळ आणि डोंगरांच्या ओळी हाच नकाशा. पावसाळ्यात जुहूचे मैदान निरुपयोगी होई. मग सारा संसार उचलून पुण्यास न्यावा लागे. असे असूनही पहिल्या वर्षात या सेवेने सुमारे १,६०,००० मैलांचा प्रवास केला आणि वक्तशीरपणाबद्दल सरकारी प्रशंसा मिळविली. एकच इंजिन आणि एवढा भरवसा, हे कसे साधले? याचे उत्तर शौर्यापेक्षा दिनक्रमात अधिक आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी यंत्राची तपासणी, ठराविक तासांनंतर इंजिन उघडून पाहणे, झिजलेला भाग वेळीच बदलणे आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवणे या नीरस गोष्टींनी ते विमान आकाशात ठेवले होते.

याच 'पस मॉथ' जातीच्या विमानांचा दुसराही एक इतिहास आहे. १९३० पासूनच्या दोन-तीन वर्षांत निरनिराळ्या देशांत या जातीची काही विमाने हवेतल्या हवेत मोडून पडली. लोक इंजिनाकडे संशयाने पाहत होते. परंतु चौकशीअंती दोष पंखांच्या रचनेत आढळला. विशिष्ट परिस्थितीत पंखांना थरथर सुटे व ती वाढत जाऊन सांगाडा तुटे. पुढे जादा आधार देऊन पंख बळकट करण्यात आले. भीती एका ठिकाणी असावी आणि मरण दुसऱ्याच दाराने यावे, असा हा प्रकार होता. विमानविद्येच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा दिसतो.

हेलिकॉप्टरचा जन्मच मुळी या भीतीच्या पोटी झाला म्हटले तरी चालेल. हुआन द ला सिएर्व्हा या स्पॅनिश अभियंत्याने १९१९ मध्ये तीन इंजिनांचे एक मोठे विमान बांधले होते. तिन्ही इंजिने शाबूत असताना ते कोसळले. कारण जमिनीजवळ त्याचा वेग कमी झाला आणि पंखांनी हवेवरची पकड सोडली. सिएर्व्हाच्या मनाने घेतले की, ज्याचे पंख वेगावर अवलंबून आहेत ते यंत्र कधीच सुरक्षित होणार नाही. तेव्हा विमान थांबले तरी पंखांनी फिरत राहावे. यातून 'ऑटोजायरो' निघाला. याच्या माथ्यावरचा पंखा इंजिनाने फिरत नसे. समोरून येणाऱ्या वाऱ्यानेच तो फिरे. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ हे यंत्र उडाले, आणि दैवयोग असा की, थोड्याच दिवसांत उड्डाण करताच त्याचे इंजिन बंद पडले. प्रेक्षकांनी डोळे मिटले असतील. परंतु ऑटोजायरो एखाद्या उघडलेल्या छत्रीसारखा सावकाश खाली आला व वैमानिकास इजा झाली नाही. सिएर्व्हाचा सिद्धान्त अपघातानेच सिद्ध केला.

हेलिकॉप्टरचा पंखा इंजिनाने फिरतो, हा दोघांतील मुख्य भेद. पण सिएर्व्हाची विद्या हेलिकॉप्टरने वारसाहक्काने घेतली. जत्रेत मुले कागदाची भिंगरी वाऱ्यासमोर धरतात, तेव्हा तिला कोणी फिरवीत नाही, वाराच फिरवितो. महारुखाचे पंखवाले बी झाडावरून गळताना गरगर फिरत येते व म्हणून धपकन न पडता अलगद उतरते. इंजिन बंद पडलेल्या हेलिकॉप्टरचेही तसेच आहे. सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एक रचना पंख्याला इंजिनापासून तत्क्षणी मोकळे करते. वैमानिक डाव्या हातचा दांडा ताबडतोब खाली करून पात्यांचा कोन कमी करतो. यंत्र खाली येऊ लागते, आणि खालून वर जाणारी हवा पंख्याला फिरवीत ठेवते. या स्वयंभ्रमणाच्या बळावर लहान हेलिकॉप्टर मिनिटाला साधारणतः दीड-दोन हजार फूट या वेगाने उतरते. जमीन जवळ येताच वैमानिक नाक वर उचलून गती मोडतो, आणि अगदी शेवटी तोच दांडा वर ओढून, फिरत्या पंख्यात साठलेली सारी शक्ती एकदाच खर्च करून यंत्र भुईवर टेकवितो. ही शिल्लक दुसऱ्यांदा मिळत नाही.

याची सर्वांत विलक्षण साक्ष भारताशी नाते असलेल्या एका यंत्राने दिली आहे. हिमालयाच्या उंचीवर काम करू शकेल असे हेलिकॉप्टर आपल्या सैन्यदलांना हवे होते. त्या गरजेतून फ्रान्समध्ये 'लामा' नावाचे एक इंजिनाचे हेलिकॉप्टर तयार झाले. ते प्रथम १९६९ मध्ये उडाले आणि पुढे बंगलोरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये 'चीता' या नावाने बनू लागले. २१ जून १९७२ रोजी झां बुले या वैमानिकाने एक लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेला. तेवढ्या उंचीवर हेलिकॉप्टर नेल्याचा तो विक्रम ठरला. पण शिखर गाठून त्याने शक्ती कमी करताच त्या भयंकर थंडीत इंजिन विझले आणि ते पुन्हा पेटेना. बुले याने आकाशाच्या त्या टोकापासून भुईपर्यंतचा सारा प्रवास इंजिनाविना, केवळ स्वयंभ्रमणावर केला आणि तो सुखरूप उतरला. एकाच दिवशी चढण्याचा व उतरण्याचा असे दोन विक्रम त्याच्या पदरी पडले.

मग प्रश्न सुटला का? नाही, आणि येथेच हौशी माणसाने सावध व्हावयास हवे. बुले याच्याजवळ दोन गोष्टी भरपूर होत्या: एक उंची आणि दुसरी अनुभव. खालून येणाऱ्या वाऱ्याने पंखा फिरता राहावा यासाठी थोडी उंची अथवा थोडा पुढचा वेग लागतो. जमिनीपासून अगदी चार-पाच फुटांवर इंजिन गेले, तर यंत्र आदळून निभावते. फार उंचावर गेले, तर सवड मिळते. परंतु मधल्या पट्ट्यात, म्हणजे सुमारे दहा-पंधरा फुटांपासून कित्येकशे फुटांपर्यंत, यंत्र एका जागी तरंगत असताना इंजिन बंद पडले, तर निष्णात वैमानिकाचाही इलाज चालत नाही. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत या धोक्याच्या पट्ट्याचा आलेख छापलेला असतो. आपल्याकडे लग्नमंडपावर पुष्पवृष्टी करण्यासाठी हेलिकॉप्टर आणण्याची नवी टूम निघाली आहे. ते मंडपावर जेथे घुटमळते, तो बहुधा हाच पट्टा असतो, हे वधुवरांच्या वडीलमंडळींस कोणी सांगत नसावे.

दुसरी अडचण वेळेची. फ्रँक रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७३ मध्ये घरातूनच आपली कंपनी सुरू केली, आणि १९७९ मध्ये त्याच्या दोन आसनी 'आर २२' या हेलिकॉप्टरला मान्यता मिळाली. सामान्य सुखवस्तू माणसाच्या आवाक्यात आलेले हे यंत्र जगभर हौशी लोकांनी व शिकाऊ वैमानिकांनी उचलून धरले. पण त्याच्या पंख्याची पाती हलकी. त्यामुळे इंजिन जाताच पंख्याचा वेग झपाट्याने घसरतो. दांडा खाली करण्यास वैमानिकास जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो. नवखा माणूस 'काय झाले?' असे मनाशी म्हणेपर्यंत तो अवधी संपलेला असतो. अपघातांचा अनुभव जमा झाल्यावर १९९५ मध्ये अमेरिकन सरकारने या जातीच्या यंत्रांसाठी खास शिक्षणाची सक्ती केली. यंत्र तेच राहिले; सुरक्षितता आली ती शिस्तीतून.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? दोन इंजिने बसवा म्हणजे झाले. हा विचार नवा नाही. इगॉर सिकॉर्स्की १९११ मध्ये रशियात विमान उडवीत असता एक डास इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये अडकला, इंजिन बंद पडले आणि त्याला कसेबसे उतरावे लागले. एका डासाने प्राण घ्यावा, हे त्याला पटेना. त्यातूनच त्याने १९१३ मध्ये चार इंजिनांचे प्रचंड विमान उडविले. गंमत अशी की, पुढे अमेरिकेत जाऊन याच सिकॉर्स्कीने १४ सप्टेंबर १९३९ रोजी आपले हेलिकॉप्टर प्रथम जमिनीवरून उचलले, तेव्हा त्याला इंजिन एकच होते. इंजिनांची संख्या वाढविली म्हणजे एक भीती कमी होते, हे खरे. परंतु ३ सप्टेंबर २००९ रोजी नल्लमल्लाच्या जंगलात ज्या हेलिकॉप्टरचे अवशेष सापडले, ज्यात आदल्या दिवशी आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी व इतर चौघे मृत्युमुखी पडले, त्याला दोन इंजिने होती. ८ डिसेंबर २०२१ रोजी याच तामिळनाडूत कुन्नूरजवळ कोसळलेल्या, जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जणांचा बळी घेणाऱ्या हेलिकॉप्टरलाही दोनच होती. चौकशीने कारण दिले ते अकस्मात पालटलेल्या हवामानाचे व त्यामुळे वैमानिकाच्या हरपलेल्या दिशाभानाचे. आणि ज्याने इंजिनाच्या भीतीवर औषध शोधले, तो सिएर्व्हा ९ डिसेंबर १९३६ रोजी क्रॉयडन येथे दाट धुक्यात गेला, तोही दोन इंजिनांच्या प्रवासी विमानातून.

आता या कथेचे दुसरे टोक, आपल्या महाराष्ट्रातले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात एका तरुणाने मोटारीचे इंजिन वापरून स्वतः एक आसनी हेलिकॉप्टर तयार केले. शिक्षण बेताचे, हातात कारागिरी व डोक्यात दोन वर्षांचा ध्यास. रात्री मोकळ्या जागेत तो त्याची चाचणी घेत असता मागच्या पंख्याचे पाते तुटले, ते मोठ्या पंख्यावर आदळले, आणि त्या आघातात त्याचा अंत झाला. यंत्र अजून जमिनीवरून उठलेही नव्हते. इंजिन बंद पडले नव्हते. ते जोरात चालू होते, हाच घात झाला.

द आंजेलिस आणि हा तरुण यांमध्ये एकशे अकरा वर्षांचे अंतर आहे. हौस एकच, धैर्यही कदाचित एकच. अंतर पडले ते साधनांत. एकाजवळ सिम्पसनचा कारखाना होता. दुसऱ्याजवळ वेल्डिंगचे दुकान. त्याच्या पात्याची धातू कोणी तपासली नाही. 'आज नको, आधी जाळीच्या आडून चालवून पाहू' असे म्हणणारा जाणता माणूस त्याच्याजवळ नव्हता. वर्तमानपत्रांनी दोन दिवस हळहळ केली आणि आम्ही सर्वांनी 'बिचारा' म्हणून पान उलटले.

आम्ही फायलींत वाढलेली माणसे आहोत. शिक्का, सही आणि नोंदवही यांची लोक जी थट्टा करतात, ती आम्ही रोज ऐकतो. पण या इतिहासाकडे पाहिले तर असे दिसते की, एका इंजिनाचा भरवसा नेहमी त्या नोंदवहीनेच निर्माण केला आहे. टाटांच्या टपालसेवेचे तेच रहस्य होते. पस मॉथचे पंख तिनेच बळकट केले. आर २२ च्या वैमानिकाला तो एक सेकंद तिनेच शिकविला. मात्र त्याबरोबर हेही कबूल केले पाहिजे की, नोंदवही जर केवळ अडविण्यासाठीच असेल, तर हौशी माणूस तिला टाळून रात्री अंधारात प्रयोग करू लागेल. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे अमोल यादव यांना २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, ती वर्षानुवर्षांच्या खेपांनंतर. ते स्वतः व्यवसायाने वैमानिक. त्यांनी चिकाटी धरली. खेड्यातल्या मुलाला दिल्लीचा रस्ता कोण दाखविणार? जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात अशा मुलांसाठी एक मोकळे मैदान, एक जाळी आणि एक जाणता निरीक्षक एवढे जरी ठेवता आले, तरी तो खर्च फार नाही. आणि अशा टिप्पण्या लिहिणे हे आमच्यासारख्यांचेच काम आहे.

आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत एक साधे वाक्य आहे. त्याचा आशय असा की, दाट वस्तीवरून उडताना एवढी उंची राखावी की, संकट आले तर खालच्या माणसांना व मालमत्तेला अवाजवी धोका न होता उतरता यावे. या नियमात खालच्या माणसाचा विचार आहे, म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो. हेलिकॉप्टरची हौस वरच्याची; पण तिची जोखीम तंबू चेट्टी रस्त्यावरून फुलांची टोपली घेऊन जाणाऱ्या बाईने का उचलावी?

उच्च न्यायालयाच्या मनोऱ्यावर १८९४ पासून १९७७ पर्यंत दीपगृहाचा दिवा होता. समुद्रावरील खलाशांना तो सांगे की, येथे किनारा आहे, जपून या. गलबते बांधणाऱ्यांनी समुद्र कधी सोडला नाही, आणि दिवा लावणाऱ्यांनीही त्यांना कधी 'येऊ नका' म्हटले नाही. आकाशात एका इंजिनाच्या भरवशावर जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलांसाठी असा दिवा लावण्याचे काम अजून बाकी आहे.